पुंगळीच्या कडेवरची खूण

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बारावी विज्ञानला असलेली लेक मामाबरोबर नेमबाजीच्या रेंजवर गेली, तिथून रायफलच्या उडालेल्या काडतुसांच्या पाच रिकाम्या पुंगळ्या घेऊन आली, रात्र रात्र त्या भिंगाखाली धरून बसते आणि आता म्हणते, मला बॅलिस्टिक्समध्येच, म्हणजे बंदुका, गोळ्या आणि त्यांच्या खुणा तपासण्याच्या शास्त्रातच जायचंय. तिला बंदुकीचं वेड लागलं की काय, ही तुमची धास्ती. पण पत्राच्या शेवटी तुम्ही सहज एक ओळ लिहून गेलात. तीन पुंगळ्यांच्या कडेवरचा खळगा चौकोनी आहे, दोनांवरचा गोलसर, म्हणून त्या दोन वेगळ्या रायफलच्या, असं तिनं मामाला सांगितलं आणि ते बरोबर निघालं. सगळ्या पत्रात मला हीच ओळ सर्वांत मोलाची वाटली. तिला वेड आहे ते खुणा वाचण्याचं.

तिनं काय पाहिलं, ते तुम्हालाही कळावं म्हणून थोडं सविस्तर लिहितो. तिच्याकडच्या पुंगळ्या पॉइंट टू टू रायफलच्या आहेत. या काडतुसात पेट घेणारं मिश्रण बुडाच्या मधोमध नसतं, कडेच्या पोकळ घडीत असतं. चाप ओढला की फायरिंग पिन ती कड चेपते, मिश्रण पेटतं, त्याच्या ज्वाळेनं आतली दारू जळते आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत वायूचा दाब वातावरणाच्या हजारपटीच्या पुढे जातो. गोळी पुढे सुटते. त्याच क्षणी पुंगळीचं पितळ फुगून चेंबरच्या, म्हणजे बंदुकीत काडतूस बसतं त्या पोकळीच्या, भिंतीला घट्ट बसतं, म्हणून वायू मागे, नेमबाजाच्या तोंडावर येत नाही. दाब उतरला की तेच पितळ किंचित आकसतं आणि पुंगळी बाहेर ओढता येते. काडतुसासाठी साधारण 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त असलेलं पितळ इतकी वर्षं टिकून आहे, ते या फुगण्या-आकसण्याच्या गुणामुळे. मला स्वतःला बंदुकीतल्या कुठल्याही भागापेक्षा हा पितळाचा गुण जास्त थक्क करतो.

आणि पितळ मऊ, बंदुकीचं पोलाद कठीण. त्यामुळे ज्या ज्या पोलादाशी पुंगळीची गाठ पडते, ते तिच्यावर काहीतरी लिहून जातं. पिनचा खळगा, बूड मागे आपटतं तिथल्या पोलादावरचे ओरखडे, बाहेर ओढणाऱ्या आकड्याची खूण, चेंबरच्या भिंतीवरच्या रेघा.

इथे लेकीला एक गोष्ट नीट समजावून सांगायला हवी. चौकोनी की गोल, हा झाला वर्गाचा फरक. तेवढ्यावरून 'या दोन पुंगळ्या त्या रायफलच्या नाहीत' असं म्हणता येतं. पण 'याच रायफलच्या आहेत' असं म्हणता येत नाही, कारण त्या मॉडेलच्या सगळ्याच रायफलींची पिन चौकोनी असणार. एकाच हत्यारापर्यंत पोचायचं तर पिनच्या टोकावर घडणावळीत आणि वापरात उमटलेल्या बारीक रेघा जुळवाव्या लागतात. त्यासाठी तुलना-सूक्ष्मदर्शक लागतो, ज्यात दोन पुंगळ्या एकाच वेळी शेजारी शेजारी दिसतात. 1920च्या दशकात अमेरिकेत बंदुकांच्या खुणा तपासणारे तज्ज्ञ कॅल्विन गोडार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो या कामाला जुंपला.

14 फेब्रुवारी 1929 रोजी शिकागोत एका गॅरेजमध्ये सात जणांना गोळ्या घातल्या गेल्या. मारेकऱ्यांपैकी काहींच्या अंगावर पोलिसांचा गणवेश होता, त्यामुळे संशय पोलिसांवरही गेला. गोडार्ड यांनी पोलिसांच्या थॉम्पसन या स्वयंचलित बंदुका झाडून पाहिल्या, त्यांच्या पुंगळ्या घटनास्थळावरच्या पुंगळ्यांशी ताडून पाहिल्या आणि या बंदुका त्या नव्हेत असं सांगितलं. वर्षाच्या अखेरीस मिशिगनमध्ये फ्रेड बर्क नावाच्या गुन्हेगाराच्या घरात दोन थॉम्पसन सापडल्या, त्या मात्र जुळल्या. लोकांना दुसरा भाग आठवतो. माझ्या लेखी पहिल्याचं मोल कमी नाही. संशयाच्या सावलीतून माणूस बाहेर काढणं हेही याच खुर्चीतलं काम आहे, आणि 'ती दिवसभर हिंसेतच राहील का' या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हेच. दिवसाचा बराच वेळ सूक्ष्मदर्शक, मोजमाप, नोंदी आणि अहवाल यांत जातो. अधूनमधून साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून वकिलांच्या उलटतपासणीला तोंड द्यावं लागतं. ते सोपं नाही, आणि बुजऱ्या स्वभावाला आधी फार जड जातं.

एक कटू बाजूही सांगतो. खुणा जुळल्या की नाही हे अखेर तज्ज्ञाची नजर ठरवते, आणि त्या नजरेची चूक किती होते हे पुरेसं मोजलेलं नाही, अशी टीका 2009 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या अहवालात झाली. 2016 मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागारांनीही ती केली. त्यानंतर पुंगळीच्या पृष्ठभागाचा त्रिमितीय नकाशा काढून जुळणी आकड्यांत मांडण्याच्या कामाला जोर आला आहे. म्हणून मी म्हणेन, गणित आणि संख्याशास्त्र तिनं अजिबात सोडू नये. या क्षेत्राला आज त्याचीच गरज आहे.

बारावीनंतर लगेच 'फॉरेन्सिक' नावाची पदवी शोधायची घाई नको. आधी भौतिकशास्त्र, यांत्रिकी किंवा धातुशास्त्राची भक्कम पदवी, मग न्यायसहायक (फॉरेन्सिक) विज्ञानातलं पदव्युत्तर शिक्षण, हा रस्ता मला जास्त पटतो. मन बदललं तरी दुसरी दारं उघडी राहतात. रसायनशास्त्र आवडत असेल तर हातावर, कपड्यांवर उडालेले शिसं, बेरियम, अँटिमनीचे कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ओळखण्याची शाखा आहे. प्रयोगशाळेत रुजू झाल्यावरही स्वतंत्र मत द्यायच्या आधी अनुभवी तज्ज्ञाच्या हाताखाली दीर्घ उमेदवारी असते, साधारण दोन वर्षांची.

दोन गोष्टी मात्र आजच विचारा. पुंगळ्या आणताना रेंजच्या प्रमुखांना सांगितलं होतं का? अनेक ठिकाणी रिकाम्या पुंगळ्यांचाही हिशेब असतो. आणि हाताळल्यावर ती साबणानं हात धुते का? आत शिशाचे अंश राहतात. न उडालेलं काडतूस कधीही उघडायचं नाही, घरी आणायचं नाही, आणि रस्त्यात पुंगळी दिसली तर हात न लावता पोलिसांना कळवायचं.

हे झालं की तिला माझ्याकडून एक काम द्या. प्रमुखांच्या परवानगीनं एकाच मॉडेलच्या दोन रायफलींच्या दहा-दहा पुंगळ्या मामानं गुपचूप खुणा करून मिसळाव्यात. तिनं प्रत्येकीपुढे 'पहिली', 'दुसरी' किंवा 'सांगता येत नाही' यांपैकी एक लिहावं, आणि मगच मामाची यादी उघडावी. भिंगावर कदाचित निम्म्याही ओळखता येणार नाहीत. तो कागद मला पाठवा. तिसऱ्या रकान्यात तिनं किती पुंगळ्या लिहिल्या, ते मी आधी पाहीन.