मुलुंड ते म्युनिक: वजनाचं इंजेक्शन सोबत नेताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेअखेर मुलुंडहून म्युनिकला राहायला जायचंय, वजन कमी करण्याच्या मौंजारो इंजेक्शनचं पाच मिलिग्रॅमचं पेन चालू आहे, सहा महिन्यांचा साठा करून तो बर्फात गुंडाळून चेक-इन बॅगेत टाकायचा विचार आहे, आणि पुढचे पेन आई कुरियरने पाठवेल. मी मूळची परळची, आता बरीच वर्षं स्टुटगार्टजवळ राहते आणि हेच औषध घेते, म्हणून सविस्तर लिहिते. डोस किती आणि कधी, हे मात्र तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

सहा महिन्यांचा साठा, बर्फ, चेक-इन बॅग आणि कुरियर, या चारही गोष्टी बेतातून काढून टाका.

आधी बर्फाचं बोलू, कारण सगळ्यात जास्त औषध तिथे वाया जातं. मुंबईत वाढलेल्या माणसाला औषधाच्या बाबतीत एकच भीती असते, उकाड्याची. त्यापायी आपण ते जमेल तितकं गार ठेवायला जातो. या औषधाला हवं असतं २ ते ८ अंश सेल्सिअस. उष्णतेच्या बाबतीत कंपनीने थोडी सूट दिलेली आहे. गोठण्याच्या बाबतीत अजिबात नाही. एकदा गोठलेलं पेन वितळल्यावर दिसायला अगदी पूर्वीसारखं दिसू शकतं, पण ते फेकूनच द्यायचं. आतला रेणू नाजूक आहे, तो बिघडला की नाही हे डोळ्यांना कळत नाही.

म्हणून सुरुवात घरच्या फ्रीजपासून करा. मागच्या भिंतीला टेकलेली कोथिंबिरीची जुडी कडक होऊन काळी पडते ना? ती जागा पेनसाठी वर्ज्य. जुना एकदारी फ्रीज असेल तर फ्रीझरच्या लगेच खालचा कप्पाही नको. दार सारखं उघडझाक होतं, त्यामुळे दारातला कप्पाही नको. मधल्या कप्प्यात पुढच्या बाजूला, मूळ खोक्यासकट, झाकणाच्या डब्यात ठेवा. खोकं टाकून देऊ नका. ते औषधाला उजेडापासून वाचवतं, बॅच नंबर आणि मुदत त्यावरच असते, आणि विमानतळावरही तेच दाखवायचं असतं. फ्रीजमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर मिळतो, कमीत कमी आणि जास्तीत जास्त तापमान लक्षात ठेवणारा. तो घ्या आणि आठवडाभर त्या डब्याशेजारी ठेवून बघा. वीज गेली तर फ्रीज उघडू नका. दार बंद असेल तर आत साधारण चार तास गारवा टिकतो.

आता ती सूट नेमकी कशी आहे ते नीट वाचा, कारण लोक इथेच गफलत करतात. क्विकपेन, म्हणजे तुमचं चार डोसचं पेन, पहिल्यांदा वापरल्यावर ३० अंशांच्या खाली, फ्रीजबाहेर, ३० दिवसांपर्यंत चालतं. त्यानंतर आत औषध दिसत असलं तरी टाकायचं. न वापरलेलं पेन मात्र फ्रीजमध्येच ठेवायचं. म्हणजे चालू पेन आणि नवं पेन यांचे नियम वेगळे. २०२५च्या मार्चमध्ये मौंजारो भारतात आलं ते आधी व्हायलमध्ये, म्हणजे काचेच्या छोट्या कुपीत. तुमच्या ओळखीत कुणी अजून व्हायल वापरत असेल तर तिचा हिशेब आणखी वेगळा: ३० अंशांपर्यंत, एकूण २१ दिवस, आणि एका व्हायलमध्ये एकच डोस. वेगोव्ही या वजनाच्याच दुसऱ्या इंजेक्शनचं चार डोसचं पेन सुरू केल्यावर सहा आठवडे चालतं. एकाचा नियम दुसऱ्याला लावू नका. तुमच्या खोक्यातलं पत्रक काढून वाचा, तेच प्रमाण. आणि पेन ज्या दिवशी सुरू कराल ती तारीख मार्करने पेनवरच लिहा. सामानाच्या धांदलीत ती हमखास विसरली जाते.

क्विकपेनमध्ये चार डोस झाल्यावरही थोडं औषध उरलेलं दिसतं. ते तसंच असतं. महागडं औषध टाकवत नाही, हे मला कळतं, पण ते सिरिंजने काढून पाचवा डोस करू नका. सुई प्रत्येक वेळी नवी, आणि इंजेक्शन झालं की सुई काढूनच पेन ठेवायचं. सुई लावून ठेवलेल्या पेनमधून औषध गळतं आणि हवा आत जाते.

किती न्यायचं? प्रवासी स्वतःसाठी म्हणून औषध घेऊन जर्मनीत येतो तेव्हा साधारण तीन महिन्यांच्या गरजेइतकं चालतं. एक पेन चार आठवड्यांचं, म्हणजे तीन पेन, बारा आठवडे. सहा पेन घेऊन उतरलात आणि कस्टम्सने विचारलं तर सांगायला काही नाही. आईने कुरियरने पाठवायची कल्पना तर सोडूनच द्या. युरोपियन युनियनबाहेरून खासगी माणसाला टपालाने किंवा कुरियरने औषध मागवायला जर्मनीत सर्वसाधारणपणे बंदी आहे. पापड-मसाल्याच्या खोक्यात घालून पाठवलं तरी ते औषधच. कस्टम्सने अडवलं तर गेलं, आणि न अडवता पोचलं तरी वाटेत ते किती तापलं हे कुणालाच सांगता येणार नाही. ‘मावसभाऊ जुलैत येणार आहे, त्याच्या हातून’ हेही नको. ती सवलत प्रवाशाच्या स्वतःच्या औषधापुरती आहे.

खरेदी करताना गारव्याची साखळी बघा. प्रिन्सेस स्ट्रीटच्या औषध बाजारातून घ्या नाहीतर मुलुंडच्या नेहमीच्या केमिस्टकडून, पेन तुमच्या डोळ्यांसमोर फ्रीजमधून निघालं पाहिजे. बिलावर बॅच नंबर असू द्या, मुदत किमान पुढचे सहा-आठ महिने असू द्या. प्रिस्क्रिप्शन न बघता देतो म्हणणाऱ्याकडून घेऊ नका, तुम्हाला ते बिल आणि ते प्रिस्क्रिप्शन दोन्ही प्रवासात लागणार आहेत. निघायच्या आदल्या आठवड्यात घ्या, म्हणजे काही गडबड निघाली तर बदलून मिळेल.

कागद तीन. प्रिस्क्रिप्शन, बिल, आणि डॉक्टरांच्या लेटरहेडवर इंग्रजीत पत्र. पत्रात औषधाचं मूळ नाव टिर्झेपाटाइड, ब्रँडचं नाव, डोस, आठवड्यातून एकदा, किती पेन सोबत आहेत, सुया लागतात, औषध २ ते ८ अंशांत ठेवायचं आहे आणि त्यासाठी जेल पॅक सोबत आहे, हे सगळं हवं. पत्रावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. आपल्याकडे प्रिस्क्रिप्शनवर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं, असं फार घरांत असतं.

चेक-इन बॅगेत का नको, तर बॅग हरवते, मागच्या विमानाने येते, सहार विमानतळावर धावपट्टीजवळ उन्हात उभ्या ट्रॉलीवर पडून राहते, आणि वर गेल्यावर होल्डमध्ये, म्हणजे विमानाच्या पोटातल्या सामानाच्या जागेत, तापमान किती असेल याची खात्री नसते. औषध हातातल्या बॅगेतच. तीही अशी बॅग जी पायाशी ठेवता येईल. विमान भरलं की केबिन बॅगा दारातच काढून होल्डमध्ये टाकतात, त्या वेळी औषध तिच्यात नको.

गारव्यासाठी इन्सुलिनवाले वापरतात तसला जाड अस्तराचा पाउच घ्या. जेल पॅक फ्रीझरमधून काढला की लगेच पेनशेजारी ठेवायचा नाही. पालिकेच्या दवाखान्यात लस देणाऱ्या परिचारिकांना कधी बघा. त्या आइसपॅक बाहेर काढून ठेवतात, थोड्या वेळाने हलवून आत पाणी वाजतं का ते ऐकतात, आणि मगच तो लसीच्या डब्यात घालतात, गोठून लस खराब होऊ नये म्हणून. आपणही तेच करायचं. पॅक बाहेर ठेवा, वर पाणी सुटून तो दाबल्यावर मऊ लागला की नॅपकिनमध्ये गुंडाळा, आणि पॅक व पेन यांच्यामध्ये पेनचं खोकं असू द्या. आठवडाभर आधी रंगीत तालीम करा: पाउचमध्ये पेनऐवजी थर्मामीटर ठेवून घरातच अठरा तास बघा. घरातून निघाल्यापासून म्युनिकच्या फ्रीजपर्यंत, थेट विमान धरलं तरी, सोळा-अठरा तास सहज जातात.

पाण्यात भिजवून वापरायचे पाउचही मिळतात. आतले मणी पाणी धरतात आणि ते हवेत उडताना गारवा येतो. कोरड्या हवेत ते छान चालतात. मुंबईत मात्र मेअखेरीस हवा इतकी दमट असते की पावसाळ्यात माठातलं पाणी जसं जेमतेम गार होतं, तसंच याचंही होतं. चालू पेन ३० अंशांच्या खाली ठेवायला ते कामाचे, नव्या पेनना २ ते ८ अंशांत ठेवायला नाहीत.

मुलुंड ते टर्मिनल दोन, टॅक्सीत औषध डिकीत नको, मांडीवर. एसी लावायला सांगा आणि पाउच एसीच्या झोताच्या तोंडाशीही धरू नका. सुरक्षा तपासणीच्या वेळी पाउच बॅगेतून काढून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवा आणि जवानाला स्वतःहून सांगा की औषधाचं इंजेक्शन आणि सुया आहेत, डॉक्टरांचं पत्र आहे. १०० मिलिलिटरच्या नियमाची चिंता नको, पेनमध्ये जेमतेम तीन मिलिलिटर असतं. प्रश्न आलाच तर जेल पॅकवरून येतो, म्हणून पत्रात त्याचा उल्लेख. वाटेत दुसरीकडे विमान बदलणार असाल तर तिथे हे सगळं पुन्हा होईल, कागद वरच ठेवा. विमानात हवाई सुंदरीला फ्रीजमध्ये ठेवायला देऊ नका. बहुतेक एअरलाइन्स त्याची जबाबदारी घेत नाहीत, आणि ठेवलंच तर ते बर्फाला चिकटून बसतं किंवा उतरताना राहून जातं.

इंजेक्शनचा वार प्रवासाच्या आदल्या दिवशी येत असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. टिर्झेपाटाइडचा वार बदलता येतो, दोन डोसमध्ये किमान तीन दिवस असले म्हणजे झालं. मळमळ आणि नऊ तासांचं विमान एकत्र नको, त्यात पाणी कमी प्यायलं जातं. स्थलांतराच्या महिन्यात डोस वाढवणंही टाळता आलं तर टाळा. मुंबई-म्युनिक वेळेतला फरक उन्हाळ्यात साडेतीन तास, आठवड्याच्या औषधाला त्याने काही होत नाही.

पोचल्यावरचे पहिले दिवस मला विमानापेक्षा जास्त काळजीचे वाटतात. हॉटेलच्या खोलीतलं कार्ड काढलं की बऱ्याच ठिकाणी मिनीबारची वीजही जाते, आणि चालू असतो तेव्हा मागची बाजू गोठवतो. रिसेप्शनवर विचारा, किचनच्या फ्रीजमध्ये नाव लिहून ठेवतात. भाड्याच्या तात्पुरत्या घरात गेलात तर तोच थर्मामीटर आधी फ्रीजमध्ये ठेवा, रात्रभर थांबा, मग औषध. इथे बहुतेक घरांना एसी नाही, आणि जुलैत पारा ३५च्या घरात जातो, तेव्हा चालू पेनही फ्रीजमध्येच बरं. थंडीत उलटं. लोक दूध बाल्कनीत ठेवतात, पेन ठेवायचं नाही, गाडीतही सोडायचं नाही, आणि बाहेर जाताना कोटाच्या आतल्या खिशात. एखादं पेन तापलं किंवा गोठलं अशी शंका आली तर ते वेगळं काढून ठेवा आणि बॅच नंबर घेऊन फार्मासिस्टला विचारा. अंदाजाने टोचून घेऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बारा आठवडे संपायच्या आत इथला डॉक्टर मिळाला पाहिजे. भारतातलं प्रिस्क्रिप्शन जर्मन फार्मसीत चालत नाही. नवीन पेशंट घेणारा फॅमिली डॉक्टर मिळायला कधी कधी आठवडे जातात, म्हणून इन्शुरन्सचं कार्ड आलं की त्याच आठवड्यात फोन सुरू करा. फक्त वजनासाठी असेल तर सरकारी इन्शुरन्स या औषधाचे पैसे देत नाही, कायद्यातच तसं आहे. डॉक्टर खासगी प्रिस्क्रिप्शन देतात आणि पैसे आपण भरतो. मधुमेह असेल तर गोष्ट वेगळी, मग ती कागदपत्रं आणा.

आणि एक गोष्ट मुंबईतूनच घेऊन या: औषध सुरू केलं त्या दिवसाचं वजन, उंची आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) लिहिलेला केसपेपर. हे औषध ३० किंवा त्याहून जास्त बीएमआयला, किंवा रक्तदाबासारखा त्रास सोबत असेल तर २७ पासून, मंजूर आहे. तुमचं वजन आता उतरलेलं असेल. नवा डॉक्टर समोर बघेल ती सडपातळ बाई, आणि औषधाची गरज काय असं विचारेल. सुरुवातीचे आकडे, दर महिन्याचं वजन, डोस कधी वाढवला त्या तारखा, रक्ततपासणीचे रिपोर्ट, सगळं इंग्रजीत एका फाइलमध्ये आणि फोनमध्येही. मध्ये काही आठवडे डोस चुकले तर पूर्वीच्याच ताकदीने आपल्या मनाने सुरू करू नका. डॉक्टर कदाचित खालून सुरू करायला सांगतील.

सुया इथल्या फार्मसीत प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळतात, तरी पहिल्या दोन महिन्यांच्या घेऊन या. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या झाकणबंद डब्यात भरायच्या, आणि तो डबा साध्या कचऱ्यात टाकायचा की आणखी कुठे, हे म्युनिक पालिकेच्या कचरा विभागाकडून विचारून घ्या.

म्युनिकमध्ये कुठल्या भागात घर बघताय ते कळवा. त्या बाजूला राहणाऱ्या मराठी मैत्रिणी आहेत, नवीन पेशंट घेणारा डॉक्टर कोण ते मी त्यांना विचारून ठेवते.