पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदाच फिट आली तर पुढचं आयुष्य कसं असतं?

ताई, तुमच्या मिस्टरांना सत्तेचाळिसाव्या वर्षी दोनदा फिट आली आणि ‘आता सगळं संपलं का’ असं तुम्ही विचारलंत. नाही, संपलेलं नाही. योग्य गोळ्या नियमित घेतल्या तर सुमारे ७० टक्के लोकांच्या फिट्स पूर्ण थांबू शकतात.

पण या वयात सुरू झालेल्या फिट्सचं कारण शोधायलाच हवं. एमआरआय (मेंदूचा स्कॅन) आणि ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) टाळू नका. जुना मार, लहानसा पक्षाघात, गाठ, दारू, यांपैकी काहीही निघू शकतं. आपल्याकडे मेंदूतल्या जंतांच्या गाठीही आढळतात. डुकराच्या मांसातून येणाऱ्या फीतकृमी नावाच्या जंताची अंडी न धुतलेल्या कच्च्या भाजीतून पोटात जातात, त्यामुळे शाकाहारी माणसालाही हा त्रास होतो. घरात कोणाला आश्चर्य वाटलं तर हे नक्की सांगा.

गोळी मनाने बंद करणं सगळ्यात धोक्याचं. वर्षभर फिट आली नाही म्हणून सोडली, की जोरात परत येऊ शकते. जागरण आणि दारू टाळा. डॉक्टर परवानगी देईपर्यंत गाडी चालवणं, विहिरीत पोहणं आणि शिडीवर चढणं बंद.

फिट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा नको, नाकाला कांदा-चप्पल तर मुळीच नको. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करा.

आणि ऑफिसात शेजारी बसणाऱ्या एकाला तरी हे सांगून ठेवा. लपवण्यासारखं यात काहीच नाही.