रुपयात किती आणे मळमळ?

हनुमाननगर, नागपूर

चि. ब्रदर,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "मॅडम, त्या गोंदियाकडच्या मावशींना एकदाही उलटी झाली नाही, फाइलमध्ये तसं लिहिलंय. तरी म्हणतात, किमोची तिसरी सायकल नको." तेव्हा तुझी ड्यूटी सुरू होती आणि मला झोप आली होती, म्हणून धड बोलता आलं नाही. आता भर दुपारी कूलरसमोर बसून लिहिते आहे. बाहेर पंचेचाळीसचा पारा आहे, त्यामुळे उठून कुठे जायचा प्रश्न नाही. पत्र लांबेल, तुझ्या डब्याच्या सुट्टीत वाच.

तू त्यांना विचारलंस, "उलटी झाली का?" त्या म्हणाल्या, "नाही जी." तू तसं लिहिलंस. खोटं कोणीच बोललं नाही. फक्त त्यांना जे होत होतं, त्याबद्दल कोणी विचारलंच नाही.

उलटी दिसते. बादलीत पडते, चादर बदलावी लागते, नातेवाईक धावत येतो. मळमळ मात्र आतल्या आत असते. हल्लीच्या औषधांनी उलटी बऱ्यापैकी आवरते, मळमळ तेवढी आवरत नाही. आपल्या भागातलं माणूस 'मला मळमळतंय' असं फारसं म्हणतही नाही. तो म्हणतो, "कसंतरीच होऊन राहिलं." "अन्नावर वासना नाही." "जेवाले बसलं का उमासे येतात." "तोंडाले पाणी सुटते नुसतं." एखादी मावशी काहीच म्हणत नाही, पण तिच्या पर्सच्या कप्प्यात लिंबाचं पान असतं आणि ती ते हुंगत बसते. हे सगळं मळमळ म्हणूनच लिहायचं. 'नो कम्प्लेंट' लिहायला दोन सेकंद लागतात, म्हणून आपण ते लिहितो. मीही कितीदा लिहिलंय.

ट्रेनिंगमध्ये शून्य ते दहाचा स्केल शिकवला असेल. शिकलेल्या माणसाला तो चालतो. सत्तरीच्या आजीला 'दहापैकी किती' विचारलं की ती दहा म्हणते किंवा लाजून हसते. मी आण्यांत विचारायची. "आजी, रुपयाची मळमळ धरली तर आज किती आणे आहे?" मग बघ कशी नेमकी उत्तरं येतात. "काल बारा आणे होती, आज चार आणेच." सोळा आण्यांचा हिशेब त्यांच्या बोलण्यात अजून जिवंत आहे. फाइलमध्ये तू बारा आण्याचे साडेसात कर, हरकत नाही.

आता माझी एक चूक सांगते. गोष्ट बरीच जुनी आहे. भंडाऱ्याकडच्या एक बाई होत्या, सिसप्लॅटिन हे किमोचं औषध सुरू होतं. प्रत्येक वेळी हसून म्हणायच्या, "बरं आहे सिस्टर." तिसऱ्या सायकलला वजन केलं तर चार किलो कमी. मी त्यांची पिशवी उघडायला सांगितली. घरी घ्यायच्या गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी, एकही फोडलेली नाही. विचारलं तर म्हणाल्या, "उलटी झालीच नाही जी, मंग गोया कायले घेऊ?" त्यांचं काही चुकलं नव्हतं. सुट्टी देताना "उलटी वाटली तर घ्या" असं मीच सांगितलं होतं. खरं तर काही गोळ्या ठरल्या वेळी घ्यायच्या असतात, त्रास असो नसो, आणि काही लागल्या तरच. मी दोन्ही एका वाक्यात कोंबल्या होत्या. त्या दिवसापासून मी दोन कागदी पाकिटं करायला लागले. पहिल्यावर सूर्य आणि चंद्र काढायचा, म्हणजे सकाळी आणि रात्री घ्यायचीच. दुसऱ्यावर वाकडं तोंड, म्हणजे कसंतरी झालं तर. माझी चित्रकला भयंकर आहे, पण चाललं.

ठरल्या वेळी का, हे नीट समजून घे, म्हणजे समजावूनही सांगता येईल. किमोचं औषध शरीरात गेलं की आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशींतून सेरोटोनिन सुटतं. तिथल्या नसेवरून तो निरोप मेंदूच्या देठापाशी पोचतो आणि उलटी होते. हा पहिल्या चोवीस तासांचा खेळ. ऑन्डॅन्सेट्रॉन, ग्रॅनिसेट्रॉन ही औषधं तिथे वाट अडवतात. ऑन्डॅन्सेट्रॉनला अमेरिकेत मंजुरी मिळाली १९९१ साली. त्याआधीचा वॉर्ड तू पाहिला नाहीस. सिसप्लॅटिनचा पेशंट रात्रभर बेसिन मांडीवर घेऊन बसायचा आणि आम्ही पाठ चोळत बसायचो.

पण खेळ चोवीस तासांत संपत नाही. पुढच्या दिवसांत सब्स्टन्स-पी नावाचं दुसरंच रसायन मेंदूत काम करतं. तिथे ऑन्डॅन्सेट्रॉन फारसं पुरत नाही, म्हणून ॲप्रेपिटंटच्या कॅप्सूल असतात, पहिल्या दिवशी १२५ मिलिग्रॅम, मग दोन दिवस ८०-८०. जोडीला डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड. सिसप्लॅटिनचा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जोरात असतो आणि पाचव्या दिवसापर्यंत रेंगाळू शकतो. म्हणजे बघ, डे-केअरमध्ये आपल्यासमोर पेशंट ठणठणीत असतो, "छान झालं" म्हणून आपण टाटा करतो आणि खरा त्रास होतो गोंदियात, बालाघाटात, अहेरीत, जिथे आपण नसतो. कॅप्सूल महाग वाटते म्हणून काही जण एक खातात आणि दोन पुढच्या सायकलसाठी जपून ठेवतात. हे ओरडून सांगण्यासारखं नाही, हळू विचारण्यासारखं आहे. पैशाची अडचण कळली तर डॉक्टरांना सांग. ओलान्झापिन स्वस्त आहे आणि मळमळीवर चांगलं चालतं.

मात्र ओलान्झापिन लिहून दिलं की घरचा एखादा शिकलेला पोरगा मोबाइलवर नाव टाकून बघतो आणि तावातावाने परत येतो, "माझ्या आईला वेड्यांची गोळी का दिली?" हे तू आधीच सांगून टाक. गोळी मानसिक आजारात वापरतात हे खरं, इथे ती मळमळीसाठी आहे, थोड्या दिवसांसाठी आहे, झोप येते म्हणून रात्री घ्यायची. मुंबईच्या टाटा मेमोरियलने २०२४ मध्ये याच गोळीवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. १० मिलिग्रॅमऐवजी अडीच मिलिग्रॅम दिलं तरी उलटी तितकीच आवरली आणि दिवसाची गुंगी कमी झाली. मात्रा ठरवणं डॉक्टरांचं काम. पण "आई दिवसभर पेंगते" हे त्यांच्या कानावर घालणं तुझं काम आहे.

बाकी दोन गोष्टी पटकन. डेक्सामेथासोन सकाळी खाऊन घ्यायला सांग, रात्री घेतलं तर डोळ्याला डोळा लागत नाही. शुगरवाल्यांना जास्त लक्ष. आणि ऑन्डॅन्सेट्रॉनने पोट साफ होत नाही. चार दिवस संडास नाही आणि त्यानेच मळमळ, असे पेशंट तुला ढीगभर भेटतील. तोंडाचं विचारतोस तसं पोटाचंही विचार, लाजू नको.

पहिल्या सायकलआधी मी तीन प्रश्न हमखास विचारायची. गाडी लागते का? बाई असेल तर, लेकरांच्या वेळी ओकाऱ्या झाल्या होत्या का? आणि वय. ज्यांना एसटीत खिडकी लागते, ज्यांचे डोहाळे कडक होते, जे तरुण आहेत आणि त्यातही बायका, त्यांना किमोची मळमळ जास्त होते. दारू पिणाऱ्यांना कमी होते, हेही खरं आहे, पण ते पेशंटच्या नवऱ्यासमोर बोलू नकोस. मी एकदा बोलले होते. असो. औषधाप्रमाणेही फरक पडतो. सिसप्लॅटिन, किंवा लाल औषध (डॉक्सोरुबिसिन) आणि सायक्लोफॉस्फमाइडची जोडी, यांत आधी काहीच दिलं नाही तर शंभरातल्या नव्वदहून जास्त जणांना उलटी होते. पॅक्लिटॅक्सेलला तेवढी नाही. त्यामुळे शेजारच्या खाटेवरची सांगते "मला तर काहीच झालं नाही", तिच्या सलाईनमध्ये काय होतं ते आधी बघ.

पहिलीच सायकल वाईट गेली की पुढचं सगळं बिघडतं. भंडारा रोडने येणारे एक काका होते. बस पारडीला पोचली की त्यांना उमासे सुरू व्हायचे. अजून सुई नाही, सलाईन नाही, फक्त पारडी. शरीर शिकून बसतं. अशा माणसाला वाढीव ऑन्डॅन्सेट्रॉनने काही होत नाही. डॉक्टर आदल्या रात्री लोराझेपाम, म्हणजे मन शांत करणारी गोळी, देऊ शकतात. आपण खाट बदलून द्यावी, स्पिरिटचा बोळा त्यांच्या नाकासमोर उघडू नये. त्यांना मी खिडकीपाशी बसवायची आणि धानाच्या भावाबद्दल बोलत राहायची.

खाण्याचं शिकतं तसंच. अमेरिकेत आइलीन बर्नस्टाइन यांनी १९७८ साली किमो घेणाऱ्या मुलांना औषधाआधी एका वेगळ्याच चवीचं आइस्क्रीम दिलं. नंतर बरीच मुलं ते आइस्क्रीम नको म्हणायला लागली. आपल्याकडे काय होतं? नातेवाईक कौतुकाने किमोच्या दिवशीच संत्रा बर्फीचा डबा आणतात, आईला आवडते म्हणून. तीन दिवसांनी आईला संत्र्याचा रंगही नकोसा होतो, आणि तो नकोसेपणा पुढे बराच काळ टिकतो. आवडीचं खाणं त्या दिवसांत लपवून ठेवायचं. साधं, बेचव, कशाचीच आठवण नसलेलं द्यायचं.

खाण्याबद्दल छापील कागद तुला मिळेल, त्यात सगळं आहे. कागदात नसतं ते सांगते. वास. गरम अन्नाला वास जास्त, म्हणून पेज, दहीभात, आंबील निववून द्यायची. दही घरी लावलेलं. दोन-दोन तासांनी चार घास, ताट भरून समोर ठेवायचं नाही. सकाळी उठल्या उठल्या एखादा कोरडा टोस्ट. सावजी आणि तर्रीवाले पोहे आठवडाभर विसरायचे, घरातल्या इतरांनीही, कारण मसाल्याचा वास भिंतीतून जातो. एका मावशीला कूलरच्या ओल्या वाळ्याच्या वासाने ढवळायचं. घरचे बिचारे थंडाव्यासाठी कूलर आणखी जवळ सरकवायचे. आलं चघळून कुणाला बरं वाटलं तर वाटू दे, प्लेटलेट कमी असतील तर डॉक्टरांना विचारून. मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, मधोमध दाबायचं, तेही करून बघायला हरकत नाही, पण गोळीच्या ऐवजी नाही. रस्त्यावरचा उसाचा रस आणि कापलेली फळं मात्र नको. सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास पांढऱ्या पेशी उतरतात, मग जंतुसंसर्ग पटकन होतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, फोडणी कोण देतं? हा प्रश्न मला नोकरीची वीस वर्षं सुचला नाही. बाईला किमो देऊन आपण घरी पाठवतो आणि ती तिसऱ्या दिवशी, मळमळ शिगेला असताना, जिरं-मोहरी तडतडवत उभी असते. विचारलं की म्हणते, "पोया मीच टाकतो जी, दुसरं कोण टाकन?" हे तिच्या एकटीला सांगून उपयोग नाही. नवऱ्याला, मुलाला आत बोलवायचं आणि औषध समजावतो त्याच आवाजात सांगायचं, पाच दिवस यांनी चुलीजवळ जायचं नाही. सिस्टरने सांगितलंय म्हटलं की ऐकतात. ब्रदरने सांगितलं तर कदाचित आणखी ऐकतील, वाईट वाटतं पण खरं आहे, त्याचा उपयोग करून घे.

कधी थांबायचं नाही, तेही पक्कं ठेव. दिवसभर पाण्याचा घोटही टिकत नाही, लघवी अगदी कमी किंवा गडद, उभं राहिलं की अंधारी, उलटीत रक्त, पोट फुगून संडास-वारा बंद, किंवा डोकं दुखून सकाळी सकाळी उलटी, तर लगेच या, असंच सांगायचं. सिसप्लॅटिनवाल्यांना विशेष, कारण पाणी कमी पडलं की किडनीवर येतं, आणि आपला मे महिना तर माहीतच आहे तुला. ताप १००.४ झाला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी.

आता तुझ्या मावशी. त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर मुलाचा नंबर असेल. मुलाशी नाही, त्यांच्याशीच बोल. सायकल घ्या, असं पहिल्या वाक्यात म्हणू नकोस. मागच्या सायकलनंतरचे पाच दिवस एकेक करून विचार, त्या दिवशी काय खाल्लं, रात्री झोप आली का, किती आणे होतं. गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन किती उरल्यात ते मोजायला सांग. पोळ्यांचंही विचार. जे कळेल ते लिहून राउंडच्या आधी डॉक्टरांच्या टेबलावर ठेव, म्हणजे पुढच्या वेळी प्रीमेड (किमोआधी द्यायची औषधं) बदलता येईल, आणि ते बदलणार आहेत हे मावशींना पुन्हा फोन करून सांग. सायकल झालीच, तर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अजून एक फोन. पाच मिनिटं लागतात.

दुपारी बारा ते दोन करू नकोस, त्या वेळी त्यांच्याकडे वीज जाते असं तूच म्हणाला होतास.

तुझी,
जुनी सिस्टर

ता.क. कागदी पाकिटांवरचा चंद्र नीट काढ. माझा चंद्र एका आजोबांना केळं वाटला होता, ते तीन दिवस गोळी केळ्यात घालून खात होते.