रॉकप्रेमींचे प्रश्न: उदास अल्बम, आवृत्त्या आणि गाण्यांचा क्रम

प्रश्न: द क्युअरचा 'डिसइंटिग्रेशन' माझ्याकडे 1989च्या रेकॉर्डवर आहे, त्यात 10 गाणी. मित्राच्या सीडीवर मात्र 12. खरा अल्बम कुठला? आणि रेकॉर्डची बाजू संपत आली की आवाज चरचरीत का होतो?

उत्तर: सीडीवरचा अल्बम 72 मिनिटांचा आहे. एवढं एका तबकडीवर मावत नाही, म्हणून 'लास्ट डान्स' आणि 'होमसिक' ही गाणी रेकॉर्डवर नाहीत. आमचं मत सीडीच्या बाजूने, आणि ते 'होमसिक'मुळे. रेकॉर्डवर आठ मिनिटांच्या शीर्षकगीतातली सगळी चिडचिड संपते न संपते तोच 'अनटायटल्ड' येऊन ठेपतं. मध्ये 'होमसिक'चा संथ पियानो असला की राग ओसरतो, नुसता थकवा उरतो, आणि शेवटचं गाणं त्या थकव्यातूनच निघाल्यासारखं वाटतं. 'लास्ट डान्स' नसलं तर फारसं बिघडत नाही.

आता चरचरीबद्दल. दहा गाणी ठेवूनही तुमच्या रेकॉर्डच्या प्रत्येक बाजूवर जवळपास अर्धा तास संगीत आहे. 20-22 मिनिटं असली तर ते आरामात बसतं. जास्त कोंबलं की खोबणी जवळजवळ कापाव्या लागतात, मूळ आवाजच हळू ठेवावा लागतो, आणि तुम्ही व्हॉल्यूम वाढवला की टकटक, खरखरही तेवढीच वाढते. शिवाय तबकडी फिरते एकाच गतीने, पण पिनखालून खोबण बाहेरच्या कडेला सेकंदाला सुमारे 51 सेंटीमीटर सरकते आणि आत मध्यापाशी जेमतेम 21. तेवढ्याच लांबीत जास्त तपशील दाटतो, तो गोल टोकाच्या पिनला नीट वाचता येत नाही. लंबगोल टोकाची पिन बसवा, कार्ट्रिज (पिन ज्यात बसते तो भाग) कोनमापकाच्या तक्त्यावर नीट जुळवून घ्या. बराच फरक पडेल. तरीही समाधान झालं नाही, तर 2010ची दोन तबकड्यांची आवृत्ती बघा. तिच्यात बाराही गाणी आहेत.

प्रश्न: पिंक फ्लॉइडचा 'विश यू वेअर हिअर' फोनवर ऐकताना दोन गाण्यांच्या सांध्यावर झटका बसतो. फाइल खराब असेल का?

उत्तर: बहुतेक सेटिंग खराब आहे. 1975च्या या अल्बमची दुसरी बाजू सलग ऐकण्यासाठीच रचलेली आहे. 'हॅव अ सिगार' ऐन भरात असताना आवाज एकदम आक्रसतो आणि छोट्या रेडिओतून आल्यासारखा होतो. मग स्टेशनं बदलल्याची खरखर, त्यातून शीर्षकगीताची, लांबून आल्यासारखी बारा तारांची गिटार, आणि थोड्या वेळाने तिच्यावर दुसरी गिटार, अगदी कानाशी वाजल्यासारखी. लांब-जवळच्या या फरकातच गाण्याचा सगळा जीव आहे. पुढे वाऱ्याच्या आवाजातून 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'चा उरलेला भाग सुरू होतो.

तेव्हा क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळण्याची सोय) शून्यावर आणा, शफल बंद करा, गॅपलेस (मध्ये फट न ठेवता वाजवण्याची सोय) चालू करा. आवाज समान करण्याची सोय वापरत असाल, तर ती गाण्यानुसार न ठेवता अल्बमनुसार ठेवा. गाण्यानुसार ठेवली की दोन गाण्यांची पातळी वेगवेगळी उचलली जाते आणि उडी नेमकी सांध्यावरच ऐकू येते. एवढं करूनही बारीकशी फट राहिली तर फाइल एमपीथ्री आहे का पाहा. या प्रकारात एन्कोडर सुरुवातीला आणि शेवटी शांततेचे कण भरतो. किती भरले याची नोंद फाइलमध्ये असेल आणि प्लेअर ती वाचत असेल, तरच फट बुजते. सीडीवरून फ्लॅक फाइल (आवाजातलं काहीही न गाळणारा प्रकार) काढली की हा प्रश्नच उरत नाही. फक्त काढताना 'शांतता छाटा' असा पर्याय दिसला तर तो बंद ठेवा.

प्रश्न: जॉय डिव्हिजनच्या 'क्लोजर'मध्ये ड्रम पोकळ वाटतात आणि बास पुरेसा येत नाही. स्पीकर बदलावेत का?

उत्तर: पैसे वाचवा. तो पोकळपणा निर्माता मार्टिन हॅनेट याने मुद्दाम आणलेला आहे. ड्रमचे आवाज सुटे सुटे पकडायचे आणि डिजिटल डिलेने त्यांच्याभोवती अतिशय छोटे प्रतिध्वनी बसवायचे, ही त्याची पद्धत. बासचं म्हणाल तर बँडचा बासवादक पीटर हुक बरेचदा वरच्या पट्ट्यांवर चालच वाजवतो. बासच्या सर्वात पातळ तारेवरचा बारावा फ्रेट म्हणजे 196 हर्ट्झ. बासचा नॉब पिळून त्याखालचा भाग फुगतो, चाल तिथेच राहते. इक्वलायझर असेल तर 200 ते 800 हर्ट्झच्या पट्ट्यात दोनेक डेसिबल वाढवून पाहा.

याच पत्रात मुखपृष्ठाविषयीही विचारलं आहे. बँडचा गायक इअन कर्टिसचा मृत्यू 18 मे 1980चा, अल्बम जुलैमधला. पण जिनोआच्या स्मशानभूमीतल्या थडग्याचं ते छायाचित्र त्याच्या मृत्यूआधीच निवडलेलं होतं.

प्रश्न: बिग स्टारचा 'थर्ड' दोन ठिकाणी ऐकला, दोन्हीकडे गाण्यांचा क्रम वेगळा!

उत्तर: वेगळाच असणार. 1974मध्ये मेम्फिसच्या आर्डेंट स्टुडिओत तो मुद्रित झाला, पण बाजारात आला 1978मध्ये. बँडने ठरवलेला अंतिम क्रम मागे राहिलाच नाही, त्यामुळे ज्याने काढला त्याने आपापला क्रम लावला. शेवट 'टेक केअर'वर होईल असा क्रम निवडा आणि बोनस गाण्यांआधी थांबा. त्या निरोपानंतर दुसऱ्यांच्या गाण्यांची कव्हर्स ऐकणं म्हणजे निव्वळ रसभंग.

प्रश्न: अर्ध्या तासात संपणारा उदास अल्बम सुचवा.

उत्तर: निक ड्रेकचा 'पिंक मून', 1972. 28 मिनिटं. गिटार आणि आवाज, शीर्षकगीतात तेवढा थोडासा पियानो. याला रॉक म्हणायचं की नाही, यावर वाद घालायला आमची ना नाही.

प्रश्न: 'शाइन ऑन'मधले ते चार स्वर गिटारवर कसे काढायचे? स्वर बरोबर लागतात, पण परिणाम येत नाही.

उत्तर: स्वर बी फ्लॅट, एफ, जी, ई. काढायची एक सोपी पद्धत अशी: चौथ्या तारेचा आठवा फ्रेट, दुसऱ्या तारेचा सहावा, मग तिसरी तार मोकळी आणि शेवटी पहिली मोकळी. परिणाम येत नाही, कारण बहुधा तुम्ही प्रत्येक स्वर पुढच्याआधी दाबून टाकताय. बोटं उचलू नका, चारही तारा एकत्र घुमू द्या. गाणं जी मायनरमध्ये आहे, तिथे कानाला ई फ्लॅटची अपेक्षा असते आणि येतो शुद्ध ई. तो आधीच्या बी फ्लॅटपासून नेमका तीन पूर्ण स्वरांवर आहे आणि घुमत असलेल्या एफला घासतो. ही घसट ऐकू आली पाहिजे. अँपवर डिस्टॉर्शन नको, रिव्हर्ब मात्र सढळ हाताने द्या, आणि चौथ्या स्वरानंतर तारा आपोआप विरेपर्यंत पुढचं काही वाजवू नका.