डस्टी मिलरची चंदेरी पाने हिरवट पडतात आणि बुंध्याशी कुजतात. हे झाड पुण्यात वर्षभर टिकेल का?

थंडीत नर्सरीतून आणलेल्या डस्टी मिलरची पाने दोन-तीन महिन्यांत हिरवट का पडली, बुंध्याजवळची पाने का कुजली आणि हे झाड कुंडीत किंवा वाफ्यात वर्षभर ठेवता येईल का, असे आपण विचारले आहे. मी पुण्यातच गच्चीवर आणि अंगणात ते वाढवतो. माझ्या मते ते येथे टिकू शकते. मात्र त्याला उन्हाळ्यापेक्षा पावसाळ्यात अधिक जपावे लागते.

हे झाड भूमध्य समुद्राच्या खडकाळ किनाऱ्यांवरचे आहे. तेथे पाऊस थंडीत पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो, त्यामुळे ऊब आणि ओल एकाच वेळी सोसण्याची त्याला सवय नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर या काळात नेमके तेच वाट्याला येते. पानांचा चंदेरी रंग म्हणजे त्यांच्यावरची दाट पांढरी लव होय. एखादे पान बोटाने हलकेच घासून पाहा, लव निघून खालचा साधा हिरवा रंग दिसू लागेल. हीच लव प्रखर ऊन परतवते आणि पानातील ओलावा राखते. सावलीत वाढलेल्या पानांवर ती विरळ येते, म्हणून ती हिरवट दिसतात. पावसात ती पाणी धरून ठेवते आणि पाने एकमेकांना चिकटून कुजू लागतात.

म्हणूनच जागा निवडताना दिवसाचे किमान पाच-सहा तास थेट ऊन मिळेल, हे पाहावे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर थोडी सावली मिळाली तर उत्तम. नर्सरीतील रोप बहुधा निव्वळ कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात असते. ते वरून कोरडे दिसले तरी आतून ओले राहते, म्हणून रोप कुंडीत लावताना मुळांभोवतीचे कोकोपीट हलक्या हाताने जमेल तितके काढून टाकावे. आठ इंची मातीची कुंडी एका रोपाला पुरते. तिच्यात लाल माती, जाडी वाळू आणि चाळलेले गांडूळ खत समप्रमाणात घालावे. कुंडीखाली ताटली ठेवू नये. बोटाच्या एका पेरापर्यंत माती सुकल्यावरच पाणी द्यावे आणि तेही पानांवर न उडवता बुंध्याशी द्यावे. खत बेतानेच द्यावे, कारण नत्र जास्त झाले की झाड लुसलुशीत होते, लांबट वाढते आणि त्याची चमक जाते.

पुण्याच्या परिसरात अनेक ठिकाणी असलेल्या काळ्या मातीत हे झाड थेट लावू नये. वीतभर उंच गादीवाफा करावा, त्यात वाळू व मुरूम मिसळावा आणि दोन रोपांत फूटभर अंतर सोडावे, म्हणजे वारा खेळता राहतो. जांभळ्या पिटुनियाशेजारी किंवा लाल साल्वियासमोर लावल्यास त्याची शोभा फार खुलते. पिवळ्या फुलांचे दांडे दिसताच मी ते खुडतो, कारण फुलांवर आल्यावर झाड उंच आणि विस्कळीत होते.

मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी कुंड्या पत्र्याखाली, पण भरपूर उजेडाच्या जागी हलवाव्यात आणि जमिनीलगतची पाने काढून टाकावीत. वाफ्यातील झाडांना असे हलवता येत नाही, त्यामुळे त्यांची शाश्वती मी देणार नाही. कोकणात आणि मुंबईत तर ते थंडीतले हंगामी झाड समजूनच लावावे, असे मी सुचवेन.

छाटलेला पाला गुरांना किंवा शेळ्यांना घालू नये, कारण त्यात यकृताला घातक अल्कलॉइड्स असतात. डोळ्यांच्या होमिओपॅथिक थेंबांवर दिसणारे सिनेरारिया मारिटिमा हे नाव याच झाडाचे आहे. पण ते वाचून पानांचा रस डोळ्यांत घालण्याचा प्रयोग कृपया कोणी करू नये.

पावसाळ्यानंतर झाड बुंध्याशी उघडे पडले असेल तर ऑक्टोबरमध्ये कळी नसलेले बोटभर लांबीचे शेंडे कापून खालची पाने काढावीत आणि ते ओलसर वाळूत सावलीत खोचावेत. साधारण महिन्याभरात मुळे फुटतात. बियांपासून रोपे करायची असल्यास बी मातीवर नुसते पसरावे, त्यावर मातीचा थर देऊ नये, कारण उगवण्यासाठी त्याला उजेड हवा असतो.