यूटीव्हीला स्पार्क अरेस्टर बसवताना

भाऊ, उमरेडकडच्या शेतात नवी यूटीव्ही (शेता-रानात चालणारी छोटी चारचाकी) फिरवणार असशील, तर स्पार्क अरेस्टर, म्हणजे सायलेन्सरच्या टोकाला ठिणगी अडवणारं जाळीचं साधन, आत्ताच बसव. फेब्रुवारी सरला की आपल्याकडे सागाचा पाला अन् गवत कडकडीत वाळतं. सायलेन्सरमधून उडालेला काजळीचा जळता कण आग लागायला पुरेसा होतो.

इंजिन पूर्ण थंड होऊ दे. मग सायलेन्सरच्या टोकाचा बाहेरचा व्यास व्हर्नियरनं मोज. अंदाजानं आणलेला अरेस्टर सैल बसतो आणि खडबडीत पांदणीत गळून पडतो. क्लॅम्प घट्ट आवळ, पहिल्या फेरीनंतर गाडी थंड करून पुन्हा आवळ. साधी जाळी गुंडाळून भागवू नकोस, ती तापून झिजते. अमेरिकेच्या वनसेवेच्या मानकात सुमारे ०.५८ मिमीपेक्षा मोठे कार्बनकण अडवण्याची कसोटी आहे. तसं प्रमाणित असलेलंच घे, महाग पडलं तरी.

अरेस्टरची जाळी काजळीनं तुंबली की गाडीची ओढ कमी होते. तारेच्या ब्रशनं घासून घे, फाटली असेल तर बदलच.

आणि हे नीट लक्षात ठेव: अरेस्टर ठिणगी अडवतो, तापलेला पाइप थंड करत नाही. वाळल्या गवतात गाडी उभी करू नकोस, सायलेन्सरभोवती अडकलेला पाला रोज काढ.