जुन्या जीपमधील येणारा-जाणारा वीजदोष

आपल्या जीपचे दिवे मधूनच जातात आणि आपोआप परततात, म्हणून लगेच नवा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज तयार करणारा भाग) घेऊ नये. जळगाव-भुसावळच्या ४५ अंशांच्या उन्हात वायरचे आवरण कडक होऊन तडकते आणि काळ्या मातीची धूळ जोडांत बसते, त्यामुळे दोष बहुधा तिथेच दडलेला असतो.

१. दोष इंजिन तापल्यावर येतो, खड्ड्यात की पावसात, हे आधी वहीत टिपावे.
२. बॅटरीची ऋण वायर प्रथम सोडवून बॅटरीची दोन्ही टोके आणि चासीवरील (गाडीच्या सांगाड्यावरील) अर्थिंगचा जोड पॉलिश पेपरने घासून घट्ट आवळावे. हिरवट-पांढरी बुरशी (म्हणजे जोडावरचा गंज) दिसली, तर अर्धे काम झालेच म्हणा!
३. मग दिवे लावून एकेक जोड हलवावा. दिवा लुकलुकला की जागा सापडली.

एकाच वेळी चार भाग बदलू नयेत, कारण खरा दोषी कळत नाही. वितळलेल्या फ्यूजच्या जागी जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तार तर मुळीच घालू नये. मग फ्यूजऐवजी वायरिंगच जळते. मल्टिमीटरची (वीज मोजणाऱ्या उपकरणाची) बारीक मोजमापे सध्या राहू द्यावीत.